आईच्या पेशी

सहावा नमुना एका बाईचा आहे हे ओवी रणदिवेच्या लक्षात आलं, तेव्हा तिने मायक्रोस्कोपवरून डोळे काढले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. पिवळ्या रंगाची, म्हणजे एक्स, दोन गुणसूत्रं होती. पुरुषाच्या पेशीत पिवळं एकच असतं. चंद्रस्थानकाच्या पहिल्या मोहिमेवर सहा जण गेले होते आणि त्यांत बाई एकच होती.

ती ओवीची आई.

ओवी खुर्चीत मागे रेलली. शनिवार होता, लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं. तिला पहिल्यांदा जे वाटलं ते भीती नव्हती, दुःखही नव्हतं. खूप थकल्यासारखं वाटलं. पाच महिने ती याच पेशी वाढवत होती, त्यांना खायला घालत होती, मोजत होती. आईबरोबर इतके दिवस सलग ती कधी राहिलीच नव्हती.

संस्था पुण्याबाहेर, मुळशीच्या रस्त्याला लागून असलेल्या टेकडीवर होती. अंतराळवीर वर जाण्याआधी त्यांच्या रक्तातल्या मूळ पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून बाकीचं सगळं रक्त तयार होतं त्या, काढून इथे गोठवून ठेवल्या जात. मग त्यांतल्या थोड्या जाग्या करून एका यंत्रात ठेवायच्या. लॅबमध्ये सगळे त्याला पाळणा म्हणत. एका चौकटीत दुसरी चौकट, दोन्ही वेगवेगळ्या दिशांनी संथ फिरणाऱ्या, आणि मधोमध हाताच्या पंजात मावतील एवढ्या बश्या. खाली कुठे आहे हे कळायला पेशीलाही थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ मिळायच्या आत पाळणा तिला दुसरीकडे वळवतो. वजन नाहीसं होत नाही, पण ते कुठल्याच एका बाजूला ठरत नाही. पेशीपुरतं बोलायचं तर ती तरंगत असते.

पाळण्याशेजारी, शिशाच्या भिंतीआड, किरणोत्सर्गाचा स्रोत होता. चंद्राभोवती फिरणाऱ्या माणसाला ऊन लागावं तसा जो मारा सतत सोसावा लागतो, त्याची ही नक्कल. तिकडे चौदा महिन्यांत बसेल तेवढा मार इथे पाच महिन्यांत दिला जाई.

यातली खरी गोष्ट दोन्ही एकत्र आल्यावर सुरू होते. किरणाने डीएनएचा धागा तुटला की शहाणी पेशी थांबते. तुटलेली टोकं शोधते, जोडते, आणि मगच स्वतःची दुसरी प्रत काढते. तरंगणाऱ्या पेशीचा आतला सांगाडा मात्र सैलावतो, आणि ‘थांब’ हा निरोप तिच्या केंद्रापर्यंत उशिरा पोचतो. नुसतं तरंगणं पेशी सोसते. नुसता किरणोत्सर्गही बराचसा सोसते. दोन्ही एकदम आले की घाईघाईत भलतीच टोकं एकमेकांना चिकटतात, आणि ती चूक पोटात घेऊनच एका पेशीच्या दोन होतात. बहुतेक वेळा अशी पेशी मरते. क्वचित एखादी चूक तिला मारत नाही, उलट जोर देते. मग तिची पिलावळ बाकीच्यांना मागे सारत वाढत जाते, आणि काही वर्षांनी त्या माणसाला रक्ताचा कर्करोग झाल्याचं निदान होतं.

सहाव्या नमुन्यात तसंच झालं होतं. या खेपेला सगळी गुणसूत्रं वेगवेगळ्या रंगांत रंगवणारं नवं रसायन आलं होतं. जे गुणसूत्र पूर्ण हिरवं दिसायला हवं ते अर्धं हिरवं आणि अर्धं लाल होतं. दर पाचांतल्या एका पेशीत नेमकी तीच चूक. म्हणजे त्या सगळ्या एकाच पेशीच्या लेकी होत्या. शेजारच्या बशीत, पाळण्याविना नुसता किरणोत्सर्ग दिलेल्या आईच्याच पेशींत, असं काही नव्हतं.

आणि मागच्याच आठवड्यात आईचा फोन आला होता. दुसऱ्या मोहिमेसाठी, चौदा महिन्यांच्या मुक्कामासाठी, तेच सहा जण निवडले होते आणि प्रमुख म्हणून तिचं नाव नक्की झालं होतं.

*

विभागप्रमुख डॉ. नसीम इनामदार निवृत्तीला आल्या होत्या. त्यांनी ओवीचं बोलणं ऐकून घेतलं आणि डोळे मिटून कपाळ चोळलं.

“नमुन्यांवर नावं नको म्हणून एवढा खटाटोप केला,” त्या म्हणाल्या. “आणि नव्या रंगांत दोन एक्स दिसतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुला या कामावर ठेवायलाच नको होतं, ओवी.”

“मॅडम, माझ्या मोजणीवर विश्वास ठेवू नका.”

“का? चुकलीस कुठे?”

“चुकले नसेन. पण मला ती जायला नकोय. मी चौथीत होते तेव्हा ती ट्रेनिंगला बंगळूरला गेली, तेव्हापासून नकोय. मग मला जे दिसलं ते तिथे आहे म्हणून दिसलं, की मला हवं होतं म्हणून, हे मी कसं सांगू?”

“पीएचडी करणाऱ्यांपैकी हे कुणी येऊन सांगत नाही,” त्या म्हणाल्या. “ठीक आहे. स्लाइड्स हैदराबादला पाठवते. तिथली दोन माणसं एकमेकांना न विचारता मोजतील. त्यांना तू कोण हेही कळणार नाही. तोवर घरी एक शब्द बोलायचा नाही. सांगायची वेळ आली तर आधी तिला सांगायचं, मग मोहीम मंडळाला. नियम तसाच आहे.”

“ती उद्या फलटणला येतेय. मी पण जाणार आहे.”

“मग जा. पण कामाबद्दल तोंड मिटून बस.”

*

ओवीचे बाबा, मंदार रणदिवे, फलटणमध्ये गुरांचे डॉक्टर होते. ओवीची आई केतकी हवाई दलात हेलिकॉप्टर चालवायची तेव्हापासून घर, ओवी आणि दवाखाना हे सगळं त्यांनीच सांभाळलं होतं. ओवी पोचली तेव्हा ते स्वयंपाकघरात अळूची भाजी ढवळत होते आणि आई बाहेरच्या खोलीत फरशीवर सरळ आडवी पडली होती.

“उठते गं,” आई म्हणाली, पण उठली नाही. “बसलं की पाठ धरते, उभं राहिलं की पाय भरून येतात. दीड वर्ष झालं येऊन. वाटलं होतं, सवय होईल.”

ओवी तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. समोर परातीत शेंगा होत्या, त्या सोलायला घेतल्या.

“वर कसं होतं ते तू कधी नीट विचारलंच नाहीस,” आई म्हणाली.

“कसं होतं?”

“हलकं. तुला वाटेल, मी शरीराचं म्हणतेय. तसं नाही. तिथे कुणी माझी वाट बघत नसायचं. काम असायचं, आणि काम झालं की चंद्र. इथे आले की प्रत्येकाला मी थोडी थोडी हवी असते, आणि कुणालाच मी पुरत नाही.” ती हसली. “तुलाही नाही पुरले.”

ओवी शेंगा सोलत राहिली.

“माझ्या पेशी कशा आहेत?” आईने सहज विचारलं, शेजारच्या काकूंची चौकशी करावी तसं.

“नमुन्यांवर नावं नसतात, आई.”

“माहीत आहे मला. तरी विचारतेय.”

“मला सांगता येणार नाही.”

आई कोपरावर उठली. “‘माहीत नाही’ आणि ‘सांगता येणार नाही’ यांत फरक असतो, ओवी. इतकी वर्षं कॉकपिटमध्ये बसलेय मी. रेडिओवर समोरचा माणूस काय बोलायचं टाळतोय ते मला कळतं.”

ओवीचे हात थांबले. खरं बोलायची परवानगी नव्हती आणि खोटं बोलायची ताकद नव्हती. तिने एक शेंग उचलली, मोडली आणि तशीच परातीत टाकली.

“म्हणजे वाईट आहे,” आई म्हणाली.

“आई, प्लीज.”

जेवताना बाबांनी दोनदा भाजी वाढली, दोनदा गावातल्या पाण्याची गोष्ट काढली आणि सोडून दिली. संध्याकाळी आई निघाली. खरं तर ती दुसऱ्या दिवशी जाणार होती. गाडीत बॅग ठेवून ती फाटकापाशी थांबली.

“लहानपणी मी निघाले की तू रडायचीस,” ती ओवीला म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. “ते बरं होतं. रडणाऱ्या पोरीला निदान जवळ तरी घेता येतं. आता मला अडवायला तू मशीन लावलंस.”

गाडी गेली. बाबा हात पुसत बाहेर आले, पायरीवर बसले.

“तिचं मनावर घेऊ नकोस,” ते म्हणाले. “दमलीय ती.”

“तूही दमलायस, बाबा.”

“मी?” त्यांनी विचार केला. “खरं सांगू? ती जावी की राहावी, मला काय वाटतं तेच आता कळत नाही. ती नसण्याची सवय झालीय. ती आली की दोन दिवसांत पाहुणे आल्यासारखं दमायला होतं. आणि गेली की घर खायला उठतं. आता या वयात यावर औषध काय?”

*

हैदराबादचं उत्तर आलं. दोघांनी वेगवेगळं मोजलं होतं आणि दोघांचंही म्हणणं ओवीसारखंच होतं. इनामदार मॅडमनी केतकीला फोन केला. केतकी म्हणाली, “फोनवर नको. मला डोळ्यांनी बघायचंय.”

ती आली तेव्हा तिने गणवेश घातला होता. ओवीला हे अपेक्षित नव्हतं. लॅबच्या दारात आईने तिच्याकडे पाहून मान हलवली, जशी कुठल्याही अधिकाऱ्याकडे पाहून हलवली असती. मॅडमनी मायक्रोस्कोपपाशी खुर्ची सरकवली आणि त्या स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

“सांग,” आई म्हणाली.

ओवीने सांगितलं. पाळणा, किरणोत्सर्ग, दोन्ही एकत्र. हिरवं-लाल गुणसूत्र. एका पेशीच्या सगळ्या लेकी. आईने मध्येच अडवलं नाही. दोन्ही डोळे लावून ती बराच वेळ स्वतःच्या पेशी पाहत राहिली.

“छान रंग आहेत,” ती शेवटी म्हणाली. “पण हे खोटं तरंगणं आहे. वर मी होते. या नव्हत्या.”

“पहिल्या मोहिमेचे सात महिने आम्ही आधी असेच करून पाहिले होते. तू परत आल्यावर तुझं खरं रक्त तपासलं. बशीत जेवढं दिसलं होतं, जवळपास तेवढंच तुझ्या रक्तात दिसलं. सहाही जणांचं तसंच होतं. म्हणून पुढचे चौदा महिने करून पाहायची परवानगी मिळाली.”

“म्हणजे माझ्या अंगात आत्ताही आहे हे?”

“अगदी थोडं. ते बहुतेक तसंच राहील, कदाचित विझूनही जाईल. पुन्हा गेलीस तर वाढेल.”

“नक्की?”

“नक्की नाही, आई. दहा केतकी पाठवल्या तर तीन-चार जणी पुढे आजारी पडतील. तू त्यांतली आहेस की नाहीस, हे मला सांगता येत नाही. आणि या वेळी ‘सांगता येत नाही’ म्हणजे माहीत नाही.”

आईच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. मग तिने खुर्ची वळवली, आणि अपघाताची चौकशी करणारा अधिकारी बसतो तशी ती ताठ बसली.

“मशीन कधी बंद पडलं होतं?”

“काय?”

“प्रत्येक मशीन बंद पडतं. हे कधी पडलं?”

ओवीने मॅडमकडे पाहिलं. “सुरुवातीपासूनच,” ती म्हणाली. “दोन पाळणे आहेत. एकाची मोटर तापायची. रोज दोन-अडीच तास बंद ठेवावी लागायची. सुटा भाग परदेशातून येईपर्यंत पाचही महिने तसेच गेले. त्यातही हेच सहा नमुने होते, पण त्या पाळण्यातला संच आम्ही रद्द धरला.”

“का?”

“कारण त्या पेशी रोज थोडा वेळ तरंगत नव्हत्या. स्थिर होत्या, वजनात होत्या. हिशेबात धरून चालत नाहीत.”

“पण किरण चालू होते?”

“हो.”

“मोजल्यास?”

“रद्द संच कुणी मोजत नाही, आई.”

“टाकून दिलास?”

“नाही. फ्रीजरमध्ये आहे.”

“मग मोज,” आई उठत म्हणाली. “मला वाटतं, तुझं मशीनच माझ्या पेशी बिघडवतंय. बंद पडणाऱ्या मशीनमध्येही तेवढंच बिघडलेलं सापडलं, तर मी समजेन की तू म्हणतेस ते खरं.” दारापाशी ती क्षणभर थांबली. “आणि मंडळाला आजच कळवा. मी अडवणार नाही. नियम सांगतो की धोका कळल्यावरही सही करून जाता येतं. मी सही करणार आहे.”

*

ओवीने तो संच मोजला. रागाने मोजला, आईला खोडून काढायला मोजला. पहिल्या बशीनंतर राग गेला. तिसऱ्या बशीनंतर तिने इनामदार मॅडमना हाक मारली.

हिरवं-लाल गुणसूत्र दोनशे पेशींत एखाद्याच पेशीत होतं. बंद पडणाऱ्या पाळण्यातल्या पेशी जवळजवळ निरोगी होत्या.

“रोजचे दोन-अडीच तास,” मॅडम स्लाइडवर वाकून म्हणाल्या. “तेवढ्यात ‘खाली’ कुठे आहे ते कळतं त्यांना. सांगाडा घट्ट होतो, निरोप पोचतो. दिवसभराची मोडतोड तेवढ्यात निस्तरतात. मशीनचा दोष असता तर उरलेल्या एकवीस-बावीस तासांत त्या बिघडल्याच असत्या.” त्या सरळ झाल्या. “अगं, हे तर आपण कचऱ्यात टाकलं होतं.”

प्रयोग पुन्हा करायला हिवाळा गेला. या वेळी मोटर मुद्दाम बंद केली जायची, आणि स्लाइड्स मोजायला पुन्हा हैदराबादला. आकडे तेच आले. पेशींना जे मिळालं ते माणसाला द्यायचं असेल तर उपाय समजायला अवघड नव्हता. स्थानकात फिरणारा बिछाना बसवायचा. डोकं मध्याशी, पाय बाहेर, आणि गरगर फिरताना शरीराला जे वजन जाणवेल त्यात रोज दोन-अडीच तास पडून राहायचं. आराखडे कधीचे होते. वजन वाढतं, वीज खातो, जागा अडवतो म्हणून बाजूला ठेवलेले होते. तो बसवायचा तर स्थानकाचा एक भाग नव्याने बांधावा लागणार होता, आणि मोहीम दीड वर्ष पुढे जाणार होती.

दीड वर्षाने केतकी रणदिवे वयाच्या मर्यादेबाहेर जात होती.

मोहीम मंडळाला थांबायचं नव्हतं. यान तयार होतं. केतकीची सही झाली होती. बाकीच्या पाच जणांच्या पेशींत चूक होती, पण थोडी, ठरवलेल्या मर्यादेच्या आत. बिछाना पुढच्या मोहिमेत बसवू, असं मंडळाचं म्हणणं होतं. त्यात चुकीचं काही नव्हतं. अशाच हिशेबावर माणसं आजवर वर जात आली होती.

केतकीचा फोन आला तेव्हा ओवी संस्थेच्या कँटीनमध्ये एकटीच जेवत होती.

“एक विचारायचंय,” आई म्हणाली. “आई म्हणून नाही, प्रमुख म्हणून.”

“विचार.”

“जोएलचं काय?”

जोएल डाबरे वसईचा, मोहिमेतला सगळ्यात तरुण अभियंता. पहिल्या मोहिमेत तो केतकीबरोबर होता, आणि दुसऱ्यातही जाणार होता.

“कुठला नमुना कुणाचा ते मला माहीत नाही.”

“नमुना नको सांगूस. त्याचं वय एकतीस आहे. मर्यादेच्या आत असलेली थोडी चूक माझ्या अंगात असली आणि त्याच्या अंगात असली, तर दोन्ही सारखंच का?”

ओवीने हातातला घास खाली ठेवला. “नाही,” ती म्हणाली. “त्या पेशीला वाढायला वेळ लागतो. तुझ्याकडे अजून तीस वर्षं आहेत असं धर. त्याच्याकडे पन्नास आहेत. मर्यादा ठरवताना सरासरी वय धरलंय. तो सरासरीपेक्षा खूप लहान आहे.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“त्याने पण सही केलीय,” आई म्हणाली. “मी केली म्हणून केली. मला म्हणाला, मॅडम, तुम्ही एवढा मोठा धोका घेताय, तर माझा केवढासा?”

“आई, तू काय करणार आहेस?”

“माहीत नाही. दमलेय गं. सकाळी उठते तेव्हा बूट घालायचासुद्धा कंटाळा येतो. वर गेले की हे सगळं जाईल, एवढ्यावर दोन वर्षं काढलीत.” तिचा श्वास ऐकू आला. “तुला मी जायला नकोच आहे, म्हणजे तुला विचारून उपयोग नाही.”

“मला तू जायला नको आहेस,” ओवी म्हणाली. “पण हे मोजलं तेव्हा मी ते बाजूला ठेवलं होतं. दुसऱ्यांकडून मोजून घेतलं ते त्यासाठीच. तू जायचं ठरवलंस तर मी तुला सोडायला येईन. या वेळी येईन.”

आईने फोन ठेवला.

चार दिवसांनी मंडळाच्या बैठकीत केतकी उभी राहिली. तिने आपली सही मागे घेतली. एवढ्यावर कुणी अडलं नसतं, दुसरा प्रमुख तयारच होता. पण तिने पुढे सांगितलं की बिछाना बसवल्याशिवाय कुणालाच पाठवू नये असं तिचं मत आहे, ते लेखी नोंदवावं, आणि नोंदवलं गेलं नाही तर ती बाहेर जाऊन बोलेल. नंतरचे कितीतरी दिवस बैठका चालल्या. इनामदार मॅडमना तीनदा दिल्लीला जावं लागलं, आणि प्रत्येक वेळी परत आल्यावर त्या म्हणायच्या, आता मुदतीआधीच निवृत्ती घेते. शेवटी मोहीम पुढे ढकलली गेली.

टीव्हीवर एकाने केतकीला घाबरट म्हटलं. दुसऱ्याने शूर म्हटलं. तिने दोन्ही ऐकलं नाही. तिला लागलं ते वेगळंच. जोएलने तिचे फोन घेणं बंद केलं. आणखी दीड वर्ष वाट बघायची, तोवर निवड बदलेल की काय कुणास ठाऊक, आणि हे सगळं जिच्याकडे बघून सही केली तिच्यामुळे. बाकीचेही बोलेनासे झाले. केतकीने राजीनामा दिला आणि दोन बॅगा घेऊन ती फलटणला आली.

*

फलटणला सोपं गेलं नाही. दोन दशकं वेगळं राहिलेल्या माणसांना एका घरात कपाटाचे खण वाटून घेणंही जड जातं. केतकी पहाटे उठायची, मंदार उशिरा. त्याला रेडिओ हवा असायचा, तिला शांतता. दोनदा ती बॅग भरून बसली आणि दोनदा मंदार चहा ठेवायला गेला. ओवी रविवारी यायची, तेव्हा कधी दोघं भांडत असायची, कधी दोघं दोन खोल्यांत झोपलेली असायची. हळूहळू केतकी त्याच्याबरोबर वाड्यावस्त्यांवर जाऊ लागली. गाडी तीच चालवायची, फार जोरात चालवायची.

दर चार महिन्यांनी ती पुण्याला येऊन रक्त देऊन जाई. ते ओवी काढत नसे, दुसरं कुणी काढायचं, दुसरं कुणी मोजायचं. ओवीला फक्त निकाल कळे. हिरवी-लाल पेशी होती तेवढीच होती. वाढली नव्हती. गेलीही नव्हती.

दुसरी मोहीम गेली तेव्हा निवड बदलली नव्हती. जोएल गेला. केतकीने ते उड्डाण पाहिलं नाही. ती म्हणाली, डोकं दुखतंय, आणि दिवसभर झोपून राहिली.

त्यानंतर सहा आठवडे गेले असतील. ओवी फलटणला आली होती. संध्याकाळी मायलेकी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होत्या, तेव्हा केतकीचा फोन वाजला. पडद्यावर जोएल होता. चेहरा सुजलेला, केस उभे, मागे पांढऱ्या भिंती.

“मॅडम,” तो म्हणाला, नमस्कार नाही की चमत्कार नाही. “हा तुमचा बिछाना! रोज ओकतोय मी. रोज! त्यातून उतरलं की तासभर कळत नाही की हात कुठे आणि पाय कुठे. हे असलं काही करायला लावल्याबद्दल तुम्हाला काय म्हणावं तेच सुचत नाही.”

केतकी फोनकडे नुसती पाहत राहिली. चंद्रापासून आवाज यायला-जायला वेळ लागतो, म्हणून तिचं गप्प बसणं तिकडे उशिरा पोचलं असेल. जोएलचा चेहरा बदलला. तो खाली पाहू लागला, पण तिथे खाली असं काही नव्हतं, म्हणून तो नुसताच वाकल्यासारखा दिसला.

“फोन घ्यायला हवे होते मी तुमचे,” तो म्हणाला.

“डोकं हलवतोस ना फिरताना?” केतकीने विचारलं.

थोड्या वेळाने त्याचा आवाज आला. “हलवतो. सगळे फिरताना दिसतात, मग बघतो.”

“बघायचं नाही. डोळे मिटायचे. मान उशीत रुतवायची आणि अजिबात हलवायची नाही. जेवून लगेच चढू नकोस. दोन आठवड्यांत सवय होईल. नाही झाली तरी रोज चढायचं. कळलं?”

“कळलं, मॅडम.”

“एक दिवसही चुकवायचा नाही, जोएल.”

“नाही चुकवणार.” तो हसला. “तुम्ही असता तर तुम्हीही ओकला असता.”

“शंभर टक्के,” केतकी म्हणाली. तीही हसली. मोठ्याने, तोंड उघडून. ओवीला आईचं असं हसणं शेवटचं कधी ऐकलं ते आठवेना.

फोन बंद झाला. केतकीने तो खांद्यावरच्या चादरीत गुंडाळला आणि कठड्याला दोन्ही हात टेकून ती उभी राहिली. तिचे पाय भरून आले होते हे ओवीला दिसत होतं. चंद्र उगवायला अजून अवकाश होता, तरी ती आकाशाच्या त्या बाजूला पाहत होती. ओवी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. खांद्याला खांदा लावला. आईने आपला थोडा भार तिच्यावर टाकला. मग आणखी थोडा टाकला.

“जड आहे ना मी?” तिने विचारलं.

“आहेस,” ओवी म्हणाली. “राहू दे.”

खालून बाबांनी जेवायला हाक मारली. त्या दोघी लगेच उतरल्या नाहीत.